घटस्फोटाचा आकडा आणि त्यामागचा मुलूख

(कुटुंबव्यवस्थेविषयीच्या परिसंवादातील भाषणाचा मजकूर)



घटस्फोटाचा विषय निघाला की सभेत दोन सूर हमखास उमटतात. एक सूर म्हणतो, शहरे बिघडली, मुली शिकल्या, कमावू लागल्या, दूरचित्रवाणीवरच्या मालिका घराघरांत शिरल्या आणि शतकानुशतके टिकलेली कुटुंबसंस्था खिळखिळी झाली. दुसरा सूर म्हणतो, घटस्फोट वाढणे हे प्रगतीचे लक्षण आहे. जेथे ते कमी, तेथे स्त्री अजून बंधनात आहे. वरवर पाहता हे सूर एकमेकांच्या विरोधात आहेत. पण दोहोंच्या मुळाशी समजूत एकच आहे. घटस्फोट ही नवी, शहरी आणि पश्चिमेकडून आलेली गोष्ट आहे, ही ती समजूत. एकाला ती नकोशी वाटते, दुसऱ्याला हवीशी, एवढाच काय तो फरक! भारताच्या नकाशावर घटस्फोटाचे आकडे प्रत्यक्ष मांडून पाहिले, तर ही समजूत पहिल्याच दृष्टिक्षेपात डळमळते.

आधी हे आकडे कुठले, ते पाहिले पाहिजे. आपल्याकडे जन्म-मृत्यूंची नोंद होते, तशी घटस्फोटांची देशव्यापी नोंद होत नाही. न्यायालयांचे निकाल न्यायालयांच्या दप्तरात राहतात, जातपंचायतींचे निवाडे कुठेच राहत नाहीत. त्यामुळे भरवसा ठेवायचा तो जनगणनेवर. तेथेही बराच काळ 'घटस्फोटित वा विभक्त' असा एकच रकाना होता. २०११च्या जनगणनेत पहिल्यांदा हे दोन रकाने वेगळे झाले आणि मगच काही बोलण्याजोगे चित्र हाती आले. सूरज जेकब आणि श्रीपर्णा चट्टोपाध्याय या दोन अभ्यासकांनी त्या आकड्यांची बारकाईने छाननी करून २०१६ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये एक लेख लिहिला. देशात घटस्फोटित म्हणून नोंदलेले लोक सुमारे साडेतेरा लाख, म्हणजे विवाहितांच्या ०.२४ टक्के. हजारात दोन-अडीच. जगाच्या मानाने हे प्रमाण अत्यल्प म्हणावे लागेल आणि कुटुंबसंस्थेचा अभिमान बाळगणारे वक्ते येथेच थांबतात. पण त्याच तक्त्यातला शेजारचा रकाना वाचला पाहिजे. विभक्त राहणाऱ्यांचे प्रमाण ०.६१ टक्के आहे. म्हणजे कायद्याने वा रूढीने मोकळे झालेल्या एकामागे, मोकळे न होताच वेगळे पडलेले अडीच जण आहेत. या दुसऱ्या रकान्याकडे पुढे परत यावेच लागेल, कारण खरा प्रश्न तेथे दडलेला आहे.

आता नकाशा. घटस्फोटितांचे सर्वाधिक प्रमाण मुंबईच्या महाराष्ट्रात नाही, दिल्लीत नाही की बंगळूरच्या कर्नाटकातही नाही. ते मिझोराममध्ये आहे, ४.०८ टक्के. दुसरा क्रमांक नागालँडचा, ०.८८ टक्के. एक कोटीहून अधिक लोकसंख्येच्या राज्यांत पहिला क्रमांक गुजरातचा, ०.६३ टक्के; त्यामागोमाग आसाम आणि छत्तीसगड. तळाशी उत्तर प्रदेश, बिहार, हरियाणा, राजस्थान. शहर आणि खेडे यांच्यात केवढे अंतर असेल? घटस्फोटित आणि विभक्त यांची बेरीज केली तर शहरांत ०.८९ टक्के आणि खेड्यांत ०.८२! एवढ्याशा फरकावर 'शहरांनी संसार मोडले' ही इमारत उभी राहू शकत नाही.

मग हे अंतर आले कोठून? मिझोरामचा आकडा ऐकताच काहींच्या मनात एक उत्तर तयार असते. राज्य ख्रिस्तीबहुल आहे, पाश्चात्त्य प्रभाव आहे, दुसरे काय होणार! पण हे उत्तर तपासायला नागालँड शेजारीच आहे. २०११ साली दोन्ही राज्यांत ख्रिस्ती लोकसंख्या ८७ टक्क्यांच्या आगेमागे होती. धर्म तोच, डोंगर तसेच, मिशनऱ्यांचा इतिहासही बराचसा समांतर. आणि तरी एका राज्याचा आकडा दुसऱ्याच्या चौपटीहून मोठा. शिवाय ख्रिस्ती परंपरेत, विशेषतः रोमन कॅथलिक पंथात, विवाहविच्छेदाला विरोधच आहे. इटलीत घटस्फोटाचा कायदा १९७० साली आला, आयर्लंडमध्ये १९९५च्या सार्वमतानंतर आणि माल्टात थेट २०११ साली.

मिझोरामचे स्पष्टीकरण मिशनपूर्व काळातल्या मिझो रूढीत आहे. त्या समाजात वधूमूल्याची पद्धत होती. वधूमूल्य परत करायचे की नाही, किती आणि कोणी, यावरून विच्छेदाचे प्रकार ठरत. नवऱ्याने 'का मा चे', म्हणजे 'तुला सोडले', एवढे शब्द उच्चारले की विवाह संपे. दोघांच्या संमतीने वेगळे व्हायचे तर वधूमूल्य अर्धे परत करण्याची रीत होती आणि पत्नीला स्वतःहून निघायचे तर तिने ते सगळे परत करावयाचे असे. चर्च आले, शाळा आल्या, साक्षरता देशात अग्रगण्य झाली. पण विवाहाचा हा जुना व्यवहार पूर्णपणे मिटला नाही. १९८६च्या ५३व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ जी आला आणि मिझो रूढिविधीला राज्यघटनेचेच संरक्षण मिळाले. नवऱ्याच्या तोंडच्या तीन शब्दांनी बायको रिकाम्या हाताने घराबाहेर पडते, याची खंत खुद्द मिझो स्त्रियांनाच होती. पुष्कळ वर्षांच्या आग्रहानंतर २०१४ साली तेथील विधानसभेने विवाह, घटस्फोट आणि वारसा यांविषयीचा कायदा केला आणि सोडलेल्या पत्नीला लग्नानंतर मिळवलेल्या मालमत्तेत वाटा दिला.

काडीमोड : जुनी वाट

मिझोराम दूरचा वाटत असेल, तर गुजरात जवळचा आहे. हा प्रांत हिंदूबहुल, व्यापारउदीमात पुढे आणि धार्मिक आचारांत कडक. तरी मोठ्या राज्यांत आकडा सर्वांत वर. याचे कारण अहमदाबादच्या उंच इमारतींत नव्हे, तर खेड्यापाड्यांतल्या ज्ञातींच्या पंचांत सापडते. 'छूटाछेडा' हा गुजराती शब्द कायद्याच्या पुस्तकातून आलेला नाही. लग्नात बांधलेला छेडा, म्हणजे पदर, सुटला की नाते सुटले, असा तो रोकडा अर्थ. मागाहून होणाऱ्या दुसऱ्या संबंधाला 'नातरूं' म्हणतात. ब्राह्मण-वाणी सोडले तर बहुसंख्य जातींत हे दोन्ही प्रकार पिढ्यान्‌पिढ्या रूढ होते. छत्तीसगडात स्त्रीच्या हातात नव्या बांगड्या भरल्या की दुसरा संसार मान्य होई. त्याला 'चूडी' म्हणत.

महाराष्ट्राला हे परके नाही. गवताची काडी मोडून पंचांसमक्ष संबंध संपवायचा, ती काडीमोड. त्याचा लेख झाला की सोडचिठ्ठी किंवा फारकत. पुनर्विवाहाला पाट किंवा मोहतूर. पाटाची बायको ही लग्नाच्या बायकोपेक्षा मानाने थोडी कमी, पण तिचा संसार समाजमान्य आणि मुले औरस. मराठेशाहीच्या कारभारात 'पाटदाम' नावाची पट्टीच होती! सरकार ज्यावर पट्टी बसवते, ती गोष्ट चोरीछुपे वा अपवादाने होत नसते.

धर्मशास्त्रही या बाबतीत एकसुरी नव्हते. मनुस्मृतीचा कल विवाहबंध अतूट मानण्याकडे आहे, हे खरे. पण नारद आणि पराशर यांनी पाच आपत्ती सांगितल्या. पती बेपत्ता होणे, मरणे, संन्यास घेणे, नपुंसक असणे किंवा पतित होणे, या पाचांत स्त्रीला दुसरा पती करण्याची मोकळीक त्यांनी दिली. कौटिल्याने परस्परद्वेषाने विवाह सुटू शकतो असे म्हटले. मात्र धर्म्य मानलेल्या पहिल्या चार विवाहप्रकारांना ही सवलत ठेवली नाही. अतूट विवाह हा वरच्या वर्णांचा आदर्श आणि सुटणारा विवाह हा बहुजनांचा व्यवहार, अशी ही दुहेरी वीण फार जुनी आहे. त्यामुळे 'हिंदू समाजात घटस्फोट नव्हताच' हे विधान फारतर समाजाच्या एका लहानशा थराविषयी खरे ठरते.

इंग्रजी अमलात काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. १८७६ साली मुंबई उच्च न्यायालयाने, जातीला विवाह रद्द ठरवण्याचा किंवा नवरा हयात असताना त्याच्या संमतीशिवाय स्त्रीला पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा अधिकार नाही, असा निर्णय दिला. पंचांसमोर मोकळी झालेली बाई न्यायालयासमोर गुन्हेगार ठरू लागली. दुसरीकडे, समाजात वर चढू पाहणाऱ्या जातींनी प्रतिष्ठेच्या ओढीने पाट आणि काडीमोड आपण होऊन बंद केले. वरच्या जातींचे आचार उचलण्याच्या या प्रक्रियेला म. न. श्रीनिवास यांनी १९५२च्या आपल्या कूर्गविषयक ग्रंथात 'संस्कृतीकरण' हे नाव दिले. या प्रक्रियेने जातींना पुष्कळ काही मिळाले. त्याची किंमत मात्र बऱ्याच अंशी त्यांच्या स्त्रियांनी भरली. आजीला जी वाट खुली होती, ती नातीला बंद झाली.

हे केवळ भारतातच घडले असे नाही. जपानची कहाणी थक्क करणारी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नोंदवलेल्या घटस्फोटांत जपान जगात फार वरच्या स्थानी होता. हजार लोकसंख्येमागे वर्षाला तीनच्या आसपास घटस्फोट होत. शेतकरी कुटुंबांत सून घरात रुळली नाही की ती माहेरी परते आणि दोन्ही बाजू नवी सोयरीक पाहत. १८९८ साली नागरी संहिता आली, सामुराई वर्गाची कुटुंबरीत सर्वांना लागू झाली आणि एक-दोन वर्षांतच हा दर जवळपास निम्म्यावर आला. मलाया द्वीपकल्पातील केलांतान आणि त्रंगानू या मुस्लीम प्रदेशांतही १९५०च्या सुमारास झालेल्या विवाहांच्या निम्म्याहून अधिक घटस्फोट नोंदले जात. मुली शाळेत जाऊ लागल्या, लग्नाचे वय वाढले, आईबापांनी लहानपणी ठरवलेले विवाह कमी झाले, तसे ते प्रमाण झपाट्याने खाली आले. तेथे आधुनिकतेने घटस्फोट घटवले. अमेरिकेतही धर्मनिष्ठ मानली जाणारी आर्कान्सा, ओक्लाहोमा ही दक्षिणेकडची राज्ये घटस्फोटांत पुढे आणि उदारमतवादी मॅसॅच्युसेट्स मागे, असे चित्र वर्षानुवर्षे दिसत आले आहे. कोवळ्या वयातले विवाह आणि तुटपुंजे शिक्षण ही त्यामागची मुख्य कारणे अभ्यासक सांगतात. नेव्हाडाची गोष्ट तर निराळीच. त्या राज्याने १९३१ साली, सहा आठवडे मुक्काम केला की घटस्फोट, अशी सोय केली आणि देशभरातली भांडणारी जोडपी तेथील हॉटेलांत उतरू लागली. तेथला आकडा वाढला तो बाहेरच्या संसारांमुळे!

उत्तरेचा शून्याजवळचा आकडा

आता नकाशाच्या तळाकडे. गंगेच्या खोऱ्यात आकडा इतका लहान का? येथे इरावतीबाई कर्वे यांचे बोट धरावे लागते. डेक्कन कॉलेजात बसून आणि भारतभर पायपीट करून त्यांनी १९५३ साली 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. भारताचे त्यांनी नातेसंबंधांच्या दृष्टीने उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे विभाग पाडले. उत्तरेत मुलगी स्वतःच्या गावात देत नाहीत, जवळच्या नात्यात देत नाहीत. ती दूरच्या, अनोळखी घरात जाते. लेकीचे जग आणि सुनेचे जग तेथे पूर्णपणे वेगळे. दक्षिणेत ती मामाच्या किंवा आत्याच्या घरात जाते; सासू बहुधा ओळखीची, गाव पायी जाण्याच्या अंतरावर. महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात येतो. मामाची मुलगी करण्याची रीत येथे अनेक जातींत आहे, पण उत्तरेकडचे काही निर्बंधही आहेत. पुढे १९८३ साली टिम डायसन आणि मिक मूर या अभ्यासकांनी याच विभागणीच्या आधारे, उत्तरेपेक्षा दक्षिणेत स्त्रीला अधिक स्वायत्तता का आणि तिचा जन्म-मृत्यूंच्या प्रमाणाशी संबंध काय, याची मांडणी केली.

घटस्फोटाशी याचा संबंध सरळ आहे. संसार असह्य झाल्यावर स्त्री कोठे जाणार? माहेर जवळ असेल, तेथे तिला घास मिळत असेल, भाऊ-भावजय दार लावून घेणार नसतील, तरच ती निघते. जमिनीत वाटा असेल तर आणखीच बळ येते. केरळने १९७५ साली हिंदू एकत्र कुटुंबपद्धतीच कायद्याने संपवली. आंध्रने १९८६, तामिळनाडूने १९८९, महाराष्ट्र आणि कर्नाटकाने १९९४ साली मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. बाकीच्या देशाला त्यासाठी २००५ साल उजाडावे लागले. कागदावरचा हक्क आणि प्रत्यक्ष सातबारा यांत अंतर असते, हे खेड्यातल्या कोणालाही सांगायला नको. 'भावाला हक्कसोड पत्र' ही दिवाळीच्या ओवाळणीइतकीच नेमाने घडणारी गोष्ट आहे! तरीही दक्षिण आणि पश्चिमेकडे विभक्त राहणाऱ्या स्त्रिया उत्तरेपेक्षा अधिक दिसतात, यात या जवळिकीचा वाटा आहे.

उत्तरेतला लहान आकडा सुखी संसारांचा पुरावा मानावा काय? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, पतीकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगणाऱ्या विवाहित स्त्रियांचे प्रमाण देशात २९ टक्के होते. बिहारमध्ये ते ४० टक्के होते, आणि नागालँडमध्ये त्याच्या कितीतरी खाली. कर्नाटकाचा आकडा ४४ टक्के, म्हणजे बिहारच्याही वर. तेव्हा हा हिशेब उत्तर-दक्षिण असा सोपा करता येत नाही. पण घटस्फोट कमी म्हणून संसार सुखाचे, हे अनुमान तरी या आकड्यांपुढे टिकत नाही.

लहान आकड्यामागे आणखी एक गोष्ट आहे. जनगणना त्या क्षणी माणूस कोणत्या स्थितीत आहे, तेवढेच टिपते. घटस्फोटानंतर पुन्हा विवाह झाला की तो माणूस 'विवाहित' रकान्यात जातो. राजस्थानातल्या अनेक जातींत 'नाता' प्रथा आहे. स्त्री पहिल्या नवऱ्याला सोडून दुसऱ्याकडे जाते, दुसरा पहिल्याला भरपाई देतो. त्या रकमेला 'झगडा' म्हणतात आणि ती पंच ठरवतात. या व्यवहारात स्त्रीचे मत नेहमीच विचारले जाते असे नाही, आणि मागे राहिलेल्या मुलांचे हाल हा वेगळाच दुःखाचा विषय आहे. जनगणनेच्या तक्त्यात मात्र यातले काहीच उमटत नाही. नाता केलेली स्त्री विवाहित, भरपाई घेतलेला पुरुष पुन्हा विवाहित. पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारमधून मुंबई-सुरतेकडे गेलेल्या आणि दहा-दहा वर्षे गावी न फिरकलेल्या नवऱ्यांच्या बायकाही विवाहितच.

दुसरा रकाना

आता त्या बाजूच्या रकान्याकडे. २०११ साली देशात घटस्फोटित स्त्रिया सुमारे नऊ लाख होत्या आणि विभक्त स्त्रिया तेवीस लाखांहून अधिक. दोन्ही गटांत पुरुषांची संख्या स्त्रियांच्या जवळपास निम्मी. एका विच्छेदात एक पुरुष आणि एक स्त्री असते. मग पुरुष गेले कोठे? ते पुन्हा बोहल्यावर चढले. काहींनी पहिलीला सोडचिठ्ठी न देताच दुसरी आणली. स्त्री मात्र त्या रकान्यातच राहिली.

मराठीत तिच्यासाठी 'परित्यक्ता' हा भारदस्त शब्द आहे. गावात तिला 'टाकलेली' म्हणतात. या स्त्रियांचा प्रश्न चव्हाट्यावर आणण्याचे मोठे काम १९८८ साली संगमनेरला भरलेल्या परित्यक्तांच्या परिषदेने केले. निशा शिवूरकर आणि त्यांचे सहकारी समाजवादी विचारांचे. वैचारिक वाट निराळी असली, तरी त्यांनी उचललेला प्रश्न प्रत्येक तालुक्यात, प्रत्येक जातीत होता आणि आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. कुंकू लावावे की नाही, येथपासून शिधापत्रिकेवर नाव कोणाच्या घरी, मुलाच्या शाळेच्या अर्जावर सही कोणाची, येथपर्यंत तिची अडवणूक होते. विधवेला निदान समाज ओळखतो. ही स्त्री धड सवाष्ण नाही, धड मोकळी नाही. काडीमोड बंद झाली आणि न्यायालय परवडत नाही, या दोहोंच्या फटीत ती सापडली आहे.

कायद्याने काय केले? मुंबई राज्याने १९४६ साली हिंदूंमधील द्विभार्या प्रथेला बंदी घातली आणि १९४७ साली हिंदूंना घटस्फोटाचा कायदा दिला. त्याआधी १९३१ साली सयाजीराव महाराजांच्या बडोदे संस्थानाने आणि त्याही आधी, १९१९-२०च्या सुमारास, शाहू महाराजांच्या कोल्हापूरने ही वाट दाखवली होती. गोव्यात पोर्तुगीजांचा घटस्फोटाचा कायदा १९१० सालचा. सौराष्ट्राने १९५२ साली आपला कायदा केला. म्हणजे १९५५चा हिंदू विवाह कायदा येण्याआधीच गुजरातचा बराचसा भाग कायदेशीर घटस्फोटाशी परिचित होता. त्याच्या वरच्या आकड्यात याचाही काही वाटा असू शकेल. मराठवाडा निजामाकडे आणि विदर्भ मध्यप्रांतात. त्यामुळे मुंबई राज्याच्या १९४७च्या कायद्याचा लाभ तेथल्या स्त्रियांना मिळाला नाही. एकाच भाषेच्या लेकींना जिल्ह्याजिल्ह्यांप्रमाणे वेगवेगळा न्याय होता.

१९५५च्या कायद्याने द्विभार्या देशभर गुन्हा ठरवली, घटस्फोटाची कारणे सांगितली आणि कलम २९ मध्ये रूढीने चालत आलेला घटस्फोट राखून ठेवला. अनुसूचित जमातींना तर तो कायदा सहसा लागूच होत नाही. ही गोष्ट छत्तीसगडसारख्या राज्यात, जेथे २०११ साली तीस टक्के लोकसंख्या जमातींची होती, नकाशा वाचताना विसरून चालणार नाही. परंतु रूढी राखली, तरी ती सिद्ध करण्याचा भार पक्षकारावर आहे. आपल्या जातीत अशी प्रथा फार पूर्वीपासून सलग चालत आली आहे, हे नेमकेपणाने मांडून पुराव्याने दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली पुन्हा स्पष्ट केले. स्टँपपेपरवर दोघांच्या सह्या घेऊन 'आमची फारकत झाली' असे लिहून देणारे अजून तालुक्याच्या कचेरीबाहेर भेटतात. त्या कागदावर विसंबून स्त्री दुसरा संसार मांडते, आणि निवृत्तिवेतनाचा किंवा जमिनीचा प्रश्न आला की तो कागद रद्दी ठरतो.

परस्परसंमतीचा घटस्फोट १९७६च्या दुरुस्तीने आला, कौटुंबिक न्यायालयांचा कायदा १९८४ साली झाला. पुण्या-मुंबईच्या स्त्रीला त्यांचा लाभ पुष्कळ झाला. तालुक्याच्या ठिकाणी वर्षानुवर्षे तारखाच पडत राहतात. पोटगीचीच गोष्ट घ्या. फौजदारी संहितेच्या कलम १२५ खाली महिन्याला कमाल पाचशे रुपये, ही मर्यादा २००१ सालापर्यंत टिकली होती! आता ती मर्यादा नाही. १ जुलै २०२४पासून ही तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. त्यासाठी घटस्फोट घ्यावा लागत नाही, हे अनेक परित्यक्तांना आजही कोणी सांगितलेले नसते. मुस्लीम भगिनींच्या बाबतीत तत्काळ तिहेरी तलाक २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला आणि २०१९ साली संसदेने तो गुन्हा केला. तोंडी शब्दाने टाकले जाण्यातला अन्याय तेथे कायद्याने ओळखला. एक शब्दही न उच्चारता टाकले जाण्यातला अन्याय सर्व धर्मांत शिल्लक आहे आणि जनगणनेच्या तक्त्यात त्यात हिंदू स्त्रियांची संख्या सर्वाधिक आहे. लोकसंख्येच्या मानाने ते स्वाभाविक असले, तरी कुटुंबाच्या गौरवाची भाषणे करणाऱ्यांनी ही संख्या आधी वाचावी.

उत्तराखंडात २७ जानेवारी २०२५ पासून समान नागरी संहिता लागू झाली. तिने विवाहाबरोबर घटस्फोटाचीही नोंद सक्तीची केली आहे. अनुसूचित जमाती तिच्याबाहेर आहेत. अशी नोंद काही वर्षे नीट चालली, तर निदान एका राज्यात तरी न्यायालयीन विच्छेदांचा आकडा अंदाजावर सोडावा लागणार नाही. टाकलेल्या स्त्रीची नोंद मात्र अशा नोंदवहीतही होणार नाही, कारण तिच्या बाबतीत नोंदवण्यासारखे कोणी काही केलेलेच नसते.

ती नोंद व्हायची तर जनगणनेतच. २०२१ची जनगणना महामारीमुळे होऊ शकली नाही. पुढच्या गणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. प्रगणक दारात येतो तेव्हा उत्तर बहुधा कुटुंबप्रमुख देतो. सासरी विचारले तर सून माहेरी गेली आहे असे सांगतात आणि तिचे नावच लिहिले जात नाही. माहेरी विचारले तर वडील अवघडतात, 'लग्न झालेली' म्हणतात, आणि प्रगणक पुढच्या प्रश्नाकडे वळतो. तेवीस लाखांच्या आकड्यात या घरांतल्या लेकी नाहीत. शिक्षक, अंगणवाडी सेविका, तलाठी, हीच मंडळी त्या दारांत जातात आणि त्यांच्यापैकी पुष्कळांना कोणत्या घरात काय झाले आहे, ते ठाऊक असते. वडिलांच्या उत्तरानंतर क्षणभर थांबून, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभ्या असलेल्या त्या लेकीलाच तो प्रश्न पुन्हा विचारणे, एवढे त्यांना करता येईल.